बारा पानांचं पत्र

हेदर ॲक्रॉइड दारात उभी राहिली की आतल्या माणसांना आपापल्या चुका आठवायला लागत, अशी तिची ख्याती होती. केल्डरब्रुक पतसंस्था आपली निम्मी कामं बाहेर देई. पत्रं छापणारे वेगळे, फोन उचलणारे वेगळे, पाकिटं भरणारे वेगळे. या सगळ्यांच्या मानगुटीवर गेली एकोणीस वर्षं हेदर बसलेली. कुणी एका रकान्यात खूण करायला विसरला तरी त्याची खैर नसे. बाई वाईट नव्हती. पण सभासदाच्या पैशाला कुणाचा गलथान हात लागू नये याचं तिला वेड होतं, आणि वेडाला माणसं घाबरतातच.

त्या गुरुवारी ती ग्रिम्स्बीला आली तीही एक निवाडा करायलाच. बंदरामागच्या गल्लीत गाडी लावून उतरली, तर धुरावलेल्या हॅडक माशांचा वास थेट कोटात शिरला. आता हा आठवडाभर निघायचा नाही, असं मनाशी म्हणत तिने ब्लँचर्ड ब्रेल कार्यशाळेची घंटी दाबली. बगलेत फाइल होती आणि फाइलमध्ये अर्नोल्ड थ्वेट यांची तक्रार.

थ्वेट हे संस्थेचे जुने सभासद. जन्मापासून आंधळे, कीथलीला राहायचे, उभा जन्म खुर्च्यांना वेताचं विणकाम करण्यात गेला. त्यांची ठेव जानेवारीत संपत होती. चौदा तारखेपर्यंत कळवलं नाही, तर रक्कम आपोआप आणखी तीन वर्षांसाठी अडकणार होती. संस्थेने तसं पत्र पाठवलं, ब्लँचर्डकडून ब्रेलमध्ये करून. थ्वेटनी कळवलं नाही, रक्कम अडकली. आणि आता त्यांना ती हवी होती. इल्कलीच्या वृद्धाश्रमात त्यांची बहीण एडना राहत होती, तिच्या शेजारची खोली रिकामी झाली होती आणि आश्रमवाले ती शनिवारपर्यंतच राखून ठेवणार होते.

त्यांच्या फोनचं ध्वनिमुद्रण हेदरने चारदा ऐकलं होतं. म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत. "पत्रात तारीख नव्हती, पोरा. असती तर मी वाचली असती. आणि तीन वर्षं म्हणता? मी ब्याऐंशीचा आहे. तुमच्याकडे बेरीज करणारं कुणी उरलंय की नाही?"

पत्र त्यांनी टाकून दिलं होतं, त्यामुळे पुरावा नव्हता. हेदरचा साहेब गॅरथ प्रॉक्टर, वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्याने निवाड्याचा फॉर्म हातात देताना सांगितलं होतं, "दोन रकाने आहेत. पुरवठादाराची चूक, ग्राहकाची चूक. एकावर खूण कर आणि चारच्या आत पाठवून दे, म्हणजे शुक्रवारी मिटलं." पहिल्या रकान्यावर खूण केली की भरपाई ब्लँचर्डच्या खिशातून जाणार आणि त्यांचं कंत्राट तुटणार. दुसऱ्यावर केली की तक्रार फेटाळली आणि खोली गेली. हेदरने येतानाच मनात पहिल्यावर खूण करून टाकली होती. एवढ्याशा कारखान्यात ओळ गाळली जाणं काय अवघड?

दार उघडलं ते मालकाने, डेस ब्लँचर्डने. ढगळ स्वेटर, कानामागे पेन्सिल, तोंडाची टकळी आधीच सुरू. "या मॅडम, या. चहा टाकलाय. कागद बॉयलरजवळ ठेवलेत म्हणून आत गरम होईल हं. समुद्राचं धुकं आत शिरलं की कागद मऊ पडतो, टिंबं बसतात, मग वाचणाऱ्याच्या बोटाला पिठात चाचपडल्यासारखं होतं. साखर किती?"

"साखर नको. थ्वेट यांच्या पत्राची राखीव प्रत हवी."

प्रत्येक पत्राची एक प्रत ठेवायची, हा नियम हेदरनेच घालून दिलेला. डेसने कपाटातून ती काढली आणि टेबलावर ठेवली. हेदर बघतच राहिली. तिच्या फाइलीत ते पत्र म्हणजे दोन कागद होते, पाठपोट छापलेले. इथे भाकरीच्या चवडीसारखा जाडजूड गठ्ठा पडला होता. एकोणीस वर्षांत ब्रेलमधलं पत्र तिने कधी हातात घेतलं नव्हतं. फॉर्मवर फक्त ‘ब्रेल: होय’ असं लिहिलेलं असे आणि ती त्यापुढे खूण करत असे.

"बारा पानं," खोलीच्या कोपऱ्यातून आवाज आला. "आणि तुमची पतसंस्था म्हणते, आम्ही थोडक्यात लिहितो."

"ही आमची विन," डेस म्हणाला. "विनिफ्रेड स्टॅमर्स. आमची वाचणारी. एकतीस वर्षं झाली तिला इथे. विन, या पतसंस्थेच्या मॅडम."

"कळलं ते मला. तू एरवी कुणाला साखर विचारत नाहीस." साठी उलटलेली, ठेंगणीठुसकी बाई, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. "बसा मॅडम. फासावर द्यायचंय ते बसून द्या."

हेदरला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

आता अडचण अशी होती की तपासणीची तिथली रीत दोन माणसांची. एक वाचणारा, एक धरणारा. आंधळा माणूस ब्रेल मोठ्याने वाचतो, अगदी स्वल्पविरामासकट. डोळस माणूस छापील प्रत धरून ओळीवरून बोट फिरवतो. जुळतंय तोवर धरणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, चुकलं की टेबलावर टकटक करायचं. पण धरणारा कॉलिन रजेवर होता. त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि ही गोष्ट विन आल्यागेल्याला फार खुशीत सांगत असे. डेसला धरायला बसवावं तर तो मालक, म्हणजे आरोपीच.

"मी धरते," हेदर म्हणाली.

"जमेल?" विनने विचारलं. "झोप लागते लोकांना."

"माझंच पत्र आहे ते. मला पाठ आहे."

"मग बरंय," असं म्हणून विनने पहिलं पान पुढ्यात ओढलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

पुढे जे झालं ते हेदरने नंतर कुणालाकुणाला सांगायचा प्रयत्न केला, पण ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. विनचा उजवा हात ओळीवरून निघाला, आणि तो ओळीच्या शेवटाला पोचायच्या आतच डाव्या हाताने पुढची ओळ धरली. मग उजवा परत आला आणि डाव्याकडून ती ओळ त्याने घेतली. थांबणं नाही, चाचपणं नाही. बोटं कागदावर दाबलेलीही दिसत नव्हती. आणि तोंडातून एकसारखा आवाज: "मोठं अक्षर, केल्डरब्रुक पतसंस्था, नवी ओळ, नोंदणी क्रमांक, अंकचिन्ह, चार सात शून्य दोन..." कागदाच्या दोन्ही बाजूंना टिंबं होती. या बाजूचे उंचवटे आणि त्या बाजूचे खड्डे एकमेकांत मिसळलेले. बोटांना यातले आपले कुठले आणि पाठीमागचे कुठले, हे कळतं तरी कसं? हेदर थक्क झाली. तिला क्षणभर चर्चमध्ये शिरल्यासारखं वाटलं, आणि ती काही फार चर्चला जाणारी बाई नव्हती.

मध्येच विन थांबली. "इथे एक टिंब बसलंय." तिने खिशातून पेन्सिलीएवढी लाकडी काडी काढली, कागद उलटा केला, मागून एकदाच टोचलं, पुन्हा सुलटा करून बोट फिरवलं. "हं. आता ‘चार’चा ‘तीन’ व्हायचा नाही."

"ही देणगीच आहे," हेदरच्या तोंडून निघून गेलं.

"देणगी कसली डोंबलाची! पाच वर्षांची होते, शाळेतल्या बाई बोटांवर पट्टी मारायच्या. तुम्ही वाचायला शिकलात तेव्हा देवाने देणगी दिली होती का तुम्हाला? चला, धरा."

हेदर ओशाळली आणि पुन्हा कागदाकडे वळली.

छापील पत्राच्या पहिल्याच पानावर, उजवीकडे वर, लाल रेघेची चौकट होती. डोळा आधी तिथेच जाई, जावा म्हणूनच ती तिथे होती. *पैसे काढायचे असल्यास १४ जानेवारीपर्यंत कळवा. न कळवल्यास रक्कम आणखी तीन वर्षांसाठी गुंतवली जाईल.* विनचं वाचन पत्त्यावरून नोंदणीवर गेलं, नोंदणीवरून मायन्यावर, मायन्यावरून ‘आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत’वर. चौकट आली नाही. पहिलं छापील पान संपलं. म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण समोरच्या त्या दोन हातांकडे बघताना तो होईना.

तिने टेबलावर टकटक केलं. "चौकट राहिली."

"राहिली नाही," विन म्हणाली. "अजून आली नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही धरणाऱ्या आहात ना? मग धरा."

डेस खिडकीशी उभा होता. तो कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचत होता.

विन वाचत राहिली. आम्ही आपली माहिती कुणाला देतो. कुणाला देत नाही. ज्यांना देत नाही त्यांना कोणत्या परिस्थितीत देऊ शकतो. ठेवींच्या संरक्षणाची मर्यादा. मर्यादेचे अपवाद. तक्रार कशी करावी, तक्रारीचं उत्तर न आल्यास कुठे जावं, तिथेही न आल्यास काय करावं. हेदरला हे सगळं खरंच पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या तोंडून ओळीमागून ओळ ऐकणं वेगळं. डोळा उड्या मारतो, बारीक टाइप दिसला की पुढे सटकतो. बोटाला ती सोय नसते. बोटाला प्रत्येक पायरी उतरावी लागते, आणि खाली काय आहे ते खाली पोचल्याशिवाय कळत नाही. पाचवं पान. सहावं. सातव्या पानावर हेदरचं स्वतःचंच लक्ष उडालं, तिने घड्याळ बघितलं आणि आपण घड्याळ बघितलं याची तिला लाज वाटली. अकरा मिनिटं झाली होती. आपल्या पत्राचा कंटाळा आपल्यालाच येतोय!

आठवं, नववं, दहावं. चहावर साय धरली.

अकराव्या पानाच्या मध्यावर, सगळी कलमं, सगळे अपवाद आणि कचेरीच्या वेळा संपल्यावर, विनच्या आवाजात काहीही फरक न पडता आलं: "पैसे काढायचे असल्यास अंकचिन्ह एक चार जानेवारीपर्यंत कळवा, पूर्णविराम."

ती थांबली आणि तिने हात मांडीवर घेतले. "आली तुमची चौकट. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

हेदरने छापील पान पुन्हा बघितलं, वर उजवीकडे, लाल रेघेत. मग त्या चवडीकडे बघितलं.

"ही इथे का?"

"तुम्ही पाठवता त्या संगणकातल्या फाइलमध्ये ती इथेच असते," डेस म्हणाला. "ज्याने कुणी ही चौकट पत्रात घातली त्याने ती सगळ्यात शेवटी घातली असणार. कागदावर ती वर दिसते, पण फाइलमध्ये मजकुरांची रांग लागते ना, त्या रांगेत ती शेपटाला. आम्ही रांगेप्रमाणे घेतो."

"मग वर घ्यायची! शेंबड्या पोरालाही कळेल की ही ओळ पहिल्या पानावर हवी!"

विन हसली. कुचकट नव्हे, पण भरपूर हसली. डेसने खण उघडला आणि तीन कागद हेदरपुढे ठेवले.

पहिला चार वर्षांपूर्वीचा. ब्लँचर्डने विनंती केली होती: मुदतीची तारीख ब्रेल पत्राच्या आरंभी घेण्याची परवानगी मिळावी, आमच्या वाचणाऱ्या सांगतात की शेवटपर्यंत कुणी पोचत नाही. दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीचा, तोच मजकूर, जरा अधिक अजिजीने. तिसरा गेल्या उन्हाळ्यातला. तिन्हींच्या तळाशी संस्थेचं उत्तर एकाच ओळीचं होतं: ‘कृपया करारातील कलम चौदा पाहावे.’ आणि खाली सही. हे. ॲक्रॉइड.

तिला यातलं एकही आठवत नव्हतं. दिवसाला अशी चाळीस उत्तरं तिच्या सहीने जात.

कलम चौदा मात्र तिला चांगलंच आठवत होतं, कारण ते तिचं लेकरू होतं. सहा वर्षांपूर्वी एका छापखान्याने शहाणपणा करून पत्रातलं एक वाक्य ‘सोपं’ केलं होतं आणि त्यात एक ‘नाही’ गळाला होता. हजारो सभासद फसले. तेव्हा हेदरने रात्र रात्र जागून ते कलम लिहिलं: पुरवठादाराने मजकुराचा एकही शब्द अथवा क्रम बदलू नये, बदलल्यास करार रद्द. सभासदाच्या रक्षणासाठी. इतर संस्थांनीही ते उचललं. दोन सभांमध्ये तिने त्यावर भाषण दिलं होतं. बाईने कुंपण घातलं होतं शेताच्या राखणीला, आणि इतकी वर्षं कुंपणच शेत खात होतं.

"आम्ही काय करणार, मॅडम?" डेस हळू आवाजात म्हणाला. "निम्मं काम तुमचं आहे. एक ओळ वर नेली असती तर सहा माणसं घरी बसली असती."

"मला न्यायची होती," विन म्हणाली. "दर वेळी बोट अकराव्या पानावर आलं की वाटायचं, उचलावी आणि ठेवावी पहिल्यावर. चोरून. डेसने शपथ घातली होती."

हेदर उठून खिडकीशी गेली. खाली एक माणूस माशांच्या रिकाम्या पेट्या धूत होता. तिने फॉर्म काढला. पुरवठादाराची चूक, ग्राहकाची चूक. तारीख पत्रात होती, म्हणजे पहिल्या रकान्यावर खूण करता येत नव्हती. दुसऱ्यावर करता येत होती. कायद्याने अगदी बिनचूक. आम्ही कळवलं होतं, तुम्ही वाचलं नाही. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची खोली जाईल, ब्लँचर्ड वाचेल, गॅरथ खूश होईल, आणि कलम चौदाकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि या खेपेला चोर कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने डेसच्या टेबलावरची पट्टी घेतली, फॉर्मवर दोन रेघा मारल्या, तिसरा रकाना काढला आणि त्यात लिहिलं: ‘संस्थेची चूक. कलम चौदा. लेखिका: मी.’ मग तिने तिथूनच गॅरथला फोन लावला. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला; आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"तिसरा रकाना कुठून आला?" गॅरथ म्हणाला.

"मी काढला. पट्टीने."

"हेदर, तारीख पत्रात होती असं तूच सांगतेयस. मग आपण सुटलो की!"

"पत्र पाठवलं म्हणून सुटायचे दिवस गेले. माणसाला कळेल असं पाठवलं का, हे विचारतात आता. आणि काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. हे वाक्य तूच चौकट करून भिंतीवर लावलंयस."

"भिंतीवर लावायला ते ठीक आहे गं..."

"ब्रेलमधून पत्रं घेणारे आपले दोनशे सदुसष्ट सभासद आहेत, गॅरथ. सगळ्यांना तारीख शेवटी. किती जण अडकलेत ते मला ठाऊक नाही. तुला आहे?"

गॅरथ खोल आवाजात म्हणाला, "नियामकांना आपण होऊन कळवावं लागेल."

"लागेल."

"सही कोणाची राहील त्यावर?"

"कलमावर जिची आहे तिचीच."

"तुझ्या जागेबद्दल मी काही शब्द देऊ शकत नाही, हं."

"मी मागितला नाही."

"बरं," गॅरथ म्हणाला. एकदम दमल्यासारखा वाटला. पोरगा वाईट नव्हता, नुसता घाबरट होता. "थ्वेटची ठेव आज सोडव. दंड नको, काही नको. आश्रमाला आजच कळव."

फोन बंद झाल्यावर डेसने हेदरपुढे नवा चहा ठेवला आणि न विचारता त्यात दोन चमचे साखर घातली. ती प्यायली.

थ्वेटना तसाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा, फोन लावला तेव्हा सव्वातीन वाजले होते. हेदरने आपली ओळख सांगितली, आणि लगेच मुद्द्यावर आली. आजवर कुठल्याही सभासदाशी ती इतकं थोडक्यात बोलली नव्हती. "मिस्टर थ्वेट, तुमचे पैसे मोकळे झाले. खोली तुमची आहे, मी आत्ताच आश्रमाशी बोलले. चूक आमची होती. माझी होती."

"असं," म्हातारा म्हणाला. खणखणीतपणा कुठेतरी गेला होता. "म्हणजे तारीख नव्हतीच पत्रात."

इथे हो म्हणून मोकळं होता आलं असतं. हेदरने विनकडे बघितलं.

"होती," हेदर म्हणाली. "अकराव्या पानावर. सगळ्या कलमांच्या मागे. तिथे ती असायलाच नको होती."

"अकराव्या," थ्वेट म्हणाले. "मी सातव्यावर सोडलं. ते तक्रार कुठे करायची वगैरे होतं ना, तिथे. म्हटलं यात काही दम नाही." मग घाईने विचारलं, "नक्की अकराव्यावर? आधी नव्हती ना कुठे? पहिल्या, दुसऱ्या पानावर?"

"नाही. मी स्वतः शब्दन् शब्द ऐकलाय."

"म्हणजे मी तिच्यावरून गेलो नव्हतो."

"म्हणजे?"

"बाई, मला साखर आहे." आता आवाज अगदी बारीक झाला होता. "डॉक्टर म्हणाले होते, साखरेने बोटं बधिर होतात. हळूहळू होतात, कळत नाही. तुमच्या त्या पोराने फोनवर ठासून सांगितलं, तारीख होतीच म्हणून. मी त्याच्याशी भांडलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, असेल. असेल, आणि माझ्या बोटाला लागली नसेल. झालं सुरू. दोन महिने मी पुस्तकाला हात लावला नाही. उघडलं आणि काहीच लागलं नाही तर? म्हणून उघडलंच नाही."

पैशाची, खोलीची, तीन वर्षांची भरपाई हेदरने मांडली होती. हे कुठल्या रकान्यात घालायचं, तिला कळेना. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

विनने खुर्ची पुढे ओढली. "ओ थ्वेट! मी विनिफ्रेड स्टॅमर्स. तुमचं पत्र माझ्या हाताखालून गेलंय. आंधळीच आहे मी, घाबरू नका. आत्ता हाताशी काय आहे तुमच्या? ब्रेलमधलं, काहीही."

"हाताशी? गॅसचं बिल पडलंय. फोडलेलं नाही."

"फोडा. आणि वाचा मला."

"आत्ता?"

"मग काय ख्रिसमसला? मला चार वाजता घरी जायचंय. आटपा."

पाकीट फाटल्याचा आवाज आला. कागद उलगडल्याचा आला. मग काहीच आलं नाही, इतका वेळ की डेसने श्वास रोखलेला हेदरला दिसला. विन दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसली होती.

"प्रिय," थ्वेट म्हणाले. थांबले. "प्रिय ग्राहक. आपल्या... आपल्या मीटरची नोंद." पुन्हा थांबले. आणि मग आवाजाला हळूहळू चाल सापडली, जुना खणखणीतपणा परत आला. "आपल्या मीटरची नोंद तीन फेब्रुवारी रोजी घेण्यात आली. मागील आकडा चार हजार एकशे बारा. चालू आकडा चार हजार तीनशे सहा..."

हेदरने आयुष्यात शेकडो बिलं तपासली होती, पण बिल ऐकताना अंगावर काटा येईल असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. बिल चार पानी होतं. थ्वेटनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, अगदी मागच्या अटींसकट, आणि ऐकणाऱ्या तिघांपैकी कुणीही त्यांना थांबवलं नाही.